यीस्टमधील नियामक डीएनए-भेद

यीस्टच्या दोन वाणांत एकच जनुक एकात जोरात आणि दुसऱ्यात मंद चालते, तेव्हा त्यामागे असणाऱ्या डीएनए-क्रमातील फरकांना नियामक भेद म्हणतात. जनुकात प्रथिनाची कृती असते. ते किती वेळा वाचायचे हे त्याच्या लगेच आधीचा प्रवर्तक भाग आणि त्यावर येऊन बसणारी नियामक प्रथिने ठरवतात. पाव-मद्याचे यीस्ट, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, या अभ्यासाला सोयीचे आहे. त्यात १६ गुणसूत्रे आणि सुमारे ६,००० जनुके असतात. केंद्रकयुक्त सजीवांपैकी संपूर्ण जीनोम पहिल्यांदा वाचला गेला तो याचाच, १९९६ मध्ये.

तासगाव-पलूसच्या द्राक्षपट्ट्यात गंधकाचे उदाहरण लगेच पटेल. बेदाण्याचा रंग टिकावा म्हणून गंधकाची धुरी देतात. त्या धुरातला सल्फर डायऑक्साइड पाण्यात विरघळला की सल्फाइट होते. वाइन करणारेही नको ते जंतू वाढू नयेत म्हणून सल्फाइटच घालतात. ते यीस्टलाही बाधते. पेशीतून ते बाहेर टाकणारा पंप एसएसयू-१ या जनुकापासून बनतो. अनेक वाइन-वाणांत ८व्या आणि १६व्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन या जनुकापुढे ईसीएम-३४ या भलत्याच जनुकाचा प्रवर्तक येऊन बसला आहे. पंप जुनाच, पण बनतो भरपूर, आणि ते यीस्ट सल्फाइटमध्ये तग धरते. असा शेजारच्या जनुकापुरता परिणाम करणारा भेद तो ‘सिस’.

‘ट्रान्स’ भेद लांबून काम करतो, आणि त्याचा माग काढणे जास्त कष्टाचे. जनुकशास्त्रज्ञ लिओनिड क्रुग्ल्याक यांच्या गटाने प्रयोगशाळेतील बीवाय आणि कॅलिफोर्नियातील द्राक्षबागेतून आलेला आरएम या वाणांचा संकर केला. त्याचे पहिले निष्कर्ष २००२ चे. (बीवायचे पूर्वजही बरेचसे कुजक्या अंजिरावरचे, तेव्हा ‘प्रयोगशाळेचा वाण’ हे बिरूद फार मनावर घेऊ नये.) २०१८ मध्ये याच संकराच्या १,०१२ संततींमध्ये जनुकांच्या अभिव्यक्तीवर, म्हणजे ती किती वाचली जातात यावर, परिणाम करणारी ३६,४९८ स्थाने नोंदली गेली. बहुतेक ट्रान्स निघाली, आणि त्यांतली पुष्कळशी मोजक्या ठिकाणी दाटलेली होती. एचएपी-१ या नियामक प्रथिनाचे जनुक हे त्यांपैकी एक ठिकाण. बीवायच्या वंशात या नियामकाच्या जनुकात एक उडता (जीनोममध्ये जागा बदलणारा) डीएनए-तुकडा घुसल्याने तो अधू झाला आहे, त्यामुळे ऑक्सिजनशी संबंधित अनेक जनुकांची पातळी बदलते. म्हणजे मूळ बिघाड एका प्रथिनाच्या मजकुरात, आणि नियमनाचा फरक इतर डझनावारी जनुकांत. ‘नियामक भेद म्हणजे प्रवर्तकातला बदल’ ही पाठ्यपुस्तकी व्याख्या त्यामुळे अपुरी ठरते.

दोन्ही प्रकार वेगळे ओळखण्याची युक्ती साधी आहे. दोन वाणांचा द्विगुणित संकर करायचा, म्हणजे प्रत्येक जनुकाची दोन्ही वाणांकडून एकेक प्रत येते. आता दोन्ही प्रती एकाच पेशीत, त्याच नियामक प्रथिनांच्या हाताखाली. तरीही एका प्रतीचा संदेशी आरएनए (जनुक वाचून तयार होणारी नक्कल) दुसरीपेक्षा जास्त निघाला, तर भेद सिस. फरक मिटला, तर ट्रान्स.