जनुकीय आजारांच्या संशोधनातील रुग्णसंघटना
रुग्ण व त्यांच्या नातेवाइकांनी उभारलेल्या आणि संशोधनासाठी नमुने, माहिती व पैसा पुरवणाऱ्या संघटना. दुर्मीळ आजाराचे रुग्ण विखुरलेले असतात. जनुक शोधायला मात्र पुष्कळ कुटुंबांचे रक्त आणि वंशावळी लागतात. ही जमवाजमव बहुधा घरच्यांनाच करावी लागते. मेंदूच्या पेशी हळूहळू नष्ट करणारा आनुवंशिक हंटिंग्टन आजार घरात आल्यावर मिल्टन वेक्सलर यांनी १९६८ मध्ये अमेरिकेत प्रतिष्ठान काढले. व्हेनेझुएलातील माराकाइबो सरोवराकाठच्या कुटुंबांच्या वंशावळी व नमुन्यांची या आजाराच्या जनुकाच्या शोधात मोलाची मदत झाली आणि १९९३ मध्ये जनुक हाती लागले.

नमुने कोणाच्या ताब्यात, हा यातला कळीचा मुद्दा. लहान मुलांच्या मेंदूची हानी करणाऱ्या कॅनाव्हन या आनुवंशिक आजारात पालकांनी ऊती दिल्या, पैसाही दिला. जनुक १९९३ मध्ये सापडले. मायामीतील रुग्णालयाने १९९७ मध्ये त्याचे पेटंट मिळवले आणि चाचणीवर शुल्क लावले. पालक कोर्टात गेले. दिलेल्या ऊतींवर त्यांची मालकी उरत नाही, असे न्यायालयाने २००३ मध्ये म्हटले. अनुचित लाभाचा, म्हणजे पालकांच्या योगदानावर रुग्णालयाने अन्यायाने फायदा कमावल्याचा, दावा मात्र टिकला आणि पुढे तडजोड झाली. अटी आधी लिहून घेतल्या असत्या, तर बराच मनस्ताप टळता.

त्वचा व डोळ्यांतील लवचीक तंतूंवर कॅल्शियम साचवणाऱ्या पीएक्सई (स्यूडोझँथोमा इलास्टिकम) आजाराच्या बाबतीत अटी अशा आधीच ठरवल्या गेल्या. शॅरन व पॅट्रिक टेरी यांच्या दोन्ही मुलांना तो असल्याचे कळताच, थोड्याच दिवसांच्या अंतराने दोन संशोधक गटांनी मुलांचे रक्त मागितले. नमुना एकमेकांना द्यायला मात्र कोणी राजी नव्हते. वैज्ञानिक शिक्षण नसलेल्या या दांपत्याने १९९५ मध्ये संघटना काढून स्वतःची नमुनापेढी उभारली. नमुना हवा तर संघटनेच्या अटी मान्य करायच्या. एबीसीसी६ हे जनुक २००० मध्ये सापडले, तेव्हा पेटंटच्या अर्जावर शॅरन टेरी सहसंशोधक होत्या.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये नैसर्गिक डीएनएवरील पेटंट अमान्य केल्यावर पेटंटचे हे हत्यार बोथट झाले. नोंदवह्या आणि नमुनापेढ्या मात्र संघटनांच्या हाती राहिल्या.

पैशाचा मार्ग वेगळा, आणि वादाचाही. सिस्टिक फायब्रोसिस या फुफ्फुसे व पचनावर परिणाम करणाऱ्या आनुवंशिक आजारासाठीच्या सिस्टिक फायब्रोसिस फाउंडेशनने औषधकंपनीत पैसा गुंतवला. त्यातून आयव्हाकाफ्टर हे त्यावरचे औषध २०१२ मध्ये बाजारात आले. संस्थेने २०१४ मध्ये रॉयल्टीचे, म्हणजे औषधविक्रीतील वाट्याचे, हक्क ३.३ अब्ज डॉलरना विकले. औषधाची किंमत सुरुवातीपासूनच वर्षाला सुमारे ३ लाख डॉलर होती. रुग्णांच्या देणग्यांवर घडलेले औषध रुग्णांनाच परवडू नये, ही टीका संस्थेला ऐकावी लागली.