बेरीज बरोबर, बॅटरी बाद

रविवारी सकाळी बायपासपलीकडच्या मोकळ्या शेतात भाच्याचं रिमोटवरचं छोटं विमान झकास उडालं आणि झकास उतरलंही. पोटातून बॅटरी काढली, तर ती पुरीसारखी टम्म फुगलेली! "मामा, उडवायच्या आधी मोजली होती. चांगले 11.4 व्होल्ट होते." मोजमाप खरंच बरोबर होतं. घोटाळा बेरजेत होता.

हा लिपो (लिथियम-पॉलिमर) पॅक तीन सेलचा, एकामागे एक जोडलेला. सेल पूर्ण भरला की 4.2 व्होल्ट दाखवतो, संपत आला की 3.4च्या आसपास. आता तिन्ही सेल 3.8 असले तरी बेरीज 11.4, आणि 4.0, 4.0, 3.4 असले तरी 11.4च. दुसऱ्या पॅकमधला एक सेल जवळजवळ कोरडा पडलाय, हे मीटरला कसं कळावं? विमानातला स्पीड कंट्रोलर, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा सर्किट, तोही बहुधा बेरीजच बघतो. 9.6 व्होल्टला मोटर बंद कर, असं त्याला सांगितलं होतं. दोन सेल 3.75वर आणि तिसरा 2.3वर गेला, तरी बेरीज 9.8. मोटर फिरतच राहणार.

तिसरा सेल इतका दुबळा का? कारण पॅक घरी जोडलेला. एक सेल बिघडला म्हणून भाच्यानं जुन्या पॅकमधला काढून लावला. काटकसर मला मान्य आहे, पण सेलचं वय लपत नाही. वापरून सेलचा अंतर्गत रोध, म्हणजे करंटला आतून होणारा अडथळा, वाढतो. चांगल्या सेलचा 4 मिलीओहम धरा, म्हाताऱ्याचा 15. तिघांतून 30 अँपिअर वाहताना चांगला सेल आतल्या आत साडेतीन वॅटची उष्णता करतो, म्हातारा साडेतेरा वॅटची. शिवाय त्याची क्षमताही घटलेली, म्हणजे तो सगळ्यांत आधी संपणार आणि उरलेले दोघे त्याच्यातून करंट ढकलतच राहणार. म्हणून पॅक बांधताना सेल एकाच जातीचे, एकाच वयाचे, क्षमता आणि रोध मोजून जुळवलेले लागतात. सोल्डरिंगचं कसब त्यानंतर. (तिथंही गंमत आहे: लिपोची धन पट्टी ॲल्युमिनियमची असते, तिला साधं सोल्डर धरतच नाही.)

सेल फार खाली गेला की त्याच्या ऋण बाजूच्या ग्रॅफाइटच्या थराखालचा तांब्याचा पत्रा विरघळू लागतो. पुढच्या चार्जिंगला तेच तांबं भलत्या जागी साचतं आणि आतल्या पातळ पडद्याला भेदू शकतं. मग शॉर्ट, मग आग. फुगवटा म्हणजे इलेक्ट्रोलाइटचं (सेलमधल्या द्रावाचं) विघटन होऊन झालेला वायू.

चार्जिंगलाही बेरीज तशीच दगा देते. फक्त दोन जाड वायरी जोडून 12.6 व्होल्टपर्यंत भरलं, तर 4.3, 4.3, 4.0 असंही होऊ शकतं, आणि 4.3 म्हणजे मर्यादा ओलांडली. यासाठीच त्या पांढऱ्या कनेक्टरच्या बारीक वायरी असतात, तीन सेलला चार. त्यांतून चार्जर प्रत्येक सेल वेगळा मोजतो आणि पुढे पळणाऱ्याचा थोडा करंट बाजूला जिरवतो. 2200 मिलीअँपिअर-तासाच्या पॅकला 2.2 अँपिअर द्यायचे. 4.2 गाठलं की व्होल्टेज तिथंच धरून करंट उतरू द्यायचा. शेवटचा टप्पा रेंगाळतो. पोह्यांची वेळ झाली म्हणून तो मध्येच तोडू नये.

उडवायचं रद्द झालं तर पॅक भरलेला ठेवू नका, प्रत्येक सेल 3.8वर आणा. भरलेला सेल उन्हात लवकर म्हातारा होतो, आणि मे महिन्यात इंदूरला स्कूटरच्या डिक्कीत काय तापतं ते आपण जाणतोच.

फुगलेला पॅक आता गच्चीत वाळूच्या बादलीत आहे, छोट्या बल्बवर सावकाश रिकामा होतोय. तो टोचायचा नाही, दाबायचा नाही आणि सुक्या कचऱ्यात तर मुळीच टाकायचा नाही. ई-कचऱ्यात वेगळा द्यायचा. नव्या पॅकवर भाच्यानं पट्टी चिकटवली आहे. तिच्यावर पेनानं तीन आकडे लिहितो, बेरीज लिहीत नाही.