आले, सुंठ आणि सर्दी-खोकला : आमच्या ग्राहकांसाठी थोडे स्पष्ट

सुंठ पावडरीच्या डबीसोबत हे पत्रक देण्याला एक फोन कारणीभूत आहे. गेल्या श्रावणात एका आजींनी विचारले, "नातू पाच महिन्यांचा आहे, खोकून खोकून दमलाय. तुमची सुंठ मधातून चाटवू का?" आम्ही नको म्हणालो आणि बाळाला लगेच डॉक्टरांकडे न्यायला सांगितले. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात देऊ नये, आणि इतक्या लहान जिवाचा खोकला घरच्या डबीवर सोडून देऊ नये.

सर्दी-खोकला बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतो. त्यांपैकी आरएसव्ही नावाचा विषाणू तान्ह्या बाळांच्या बारीक श्वासनलिकांना फार त्रास देतो. तैवानमधील संशोधकांनी २०१३ साली याच विषाणूवर आल्याचा अर्क तपासला. माणसाच्या श्वसनमार्गातील पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांच्यावर विषाणू सोडला. ताज्या आल्याच्या अर्कामुळे विषाणूला पेशीला चिकटणे आणि आत शिरणे अवघड गेले. सुंठीच्या अर्काने मात्र तसे काही घडले नाही.

आम्ही सुंठ विकतो, तरीही हे सांगणे आम्हाला गरजेचे वाटते. आले वाळताना त्यातल्या जिंजेरॉल या तिखट द्रव्याचा काही भाग शोगाओल या दुसऱ्या तिखट द्रव्यात बदलतो. सुंठीचा तिखटपणा वेगळा लागतो तो त्यामुळेच. म्हणजे आले आणि सुंठ एकाच कंदाची असली तरी गुणाने एक नाहीत. शिवाय तो प्रयोग काचेच्या भांड्यातल्या पेशींवरचा होता. कपभर चहातले आले पोटात जाते, पचते, आणि छातीपर्यंत त्यातले किती पोचते हा प्रश्न वेगळाच. म्हणून आमच्या डबीवर 'विषाणूनाशक' असे लिहिलेले तुम्हाला दिसणार नाही. कोणी तसे लिहून विकत असेल तर त्याला पुरावा विचारा.

मग आले घ्यायचे कशाला? घसा खवखवत असताना गरम काढ्याने बरे वाटते, मळमळ कमी होते, तोंडाला चव येते. आजारपणात दोन घास पोटात जाणे आणि पाणी पीत राहणे फार मोलाचे असते. साधी सर्दी आठ-दहा दिवसांत आपोआपच उतरते. सुंठीवाचून खोकला जातो ही म्हण त्या अर्थी शब्दशः खरी आहे. तेवढे दिवस सुसह्य व्हावेत, इतकेच काम आल्याचे.

त्यासाठी बाजारातून ताजे आले आणा. कुडी घट्ट, साल तुकतुकीत आणि मोडल्यावर कडकन आवाज येणारी असावी. बोटाच्या पेराएवढा तुकडा ठेचून दीड कप पाण्यात पाच-सात मिनिटे उकळा, झाकण ठेवून. गाळून कोमट झाल्यावर मध घाला. दिवसातून दोनदा पुरे.

आमची सुंठ सुंठवड्याला, डिंकाच्या लाडवाला, आमरसावर चिमूटभर घालायला घ्या. साधारण पाच किलो ओल्या आल्यातून एक किलो सुंठ मिळते. पांढरी दिसावी म्हणून आम्ही तिला चुना लावत नाही, त्यामुळे रंग मातकट असतो. पावडर काळपट नसून मातकट आहे ना, ते उघडल्यावर बघा.

ज्यांना पित्ताचा, छातीत जळजळण्याचा त्रास आहे त्यांनी बेताने घ्यावी. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील, पित्ताशयात खडे असतील, किंवा गरोदरपण असेल तर रोजचा काढा सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

आणि काढा बाजूला ठेवून दवाखाना गाठायची वेळ ओळखा : धाप लागणे, श्वास घेताना बाळाच्या बरगड्यांखालची जागा आत ओढली जाणे, ओठ निळसर होणे, दूध पिणे सोडणे, तीन दिवसांनंतरही न उतरणारा ताप. त्या आजींच्या नातवाच्या बरगड्यांखाली असाच खळगा पडत होता. रात्र व्हायच्या आत त्याला दवाखान्यात नेले, म्हणून चार दिवसांत तो घरी आला.