देवराईला ‘जैवविविधता वारसा स्थळ’ दर्जा: पात्रता, कागदपत्रे आणि प्रस्तावाची प्रक्रिया

महाराष्ट्रातील खेड्यांत जुनी झाडे वाचवू पाहणारे अनेकजण ‘वारसा वृक्ष’ या तरतुदीचा आधार घेतात. परंतु ५० वर्षे व त्याहून अधिक वयाच्या झाडांसाठी २०२१ मध्ये आलेली ही तरतूद १९७५ च्या नागरी क्षेत्रांतील वृक्ष संरक्षण कायद्यात असल्यामुळे ग्रामपंचायत हद्दीत सर्वसाधारणपणे ती उपयोगी पडत नाही. ग्रामीण भागात वृक्षतोडीचे नियमन करणारा १९६४ चा कायदा पाहावा लागतो. त्याच्या मूळ अनुसूचीत साग, आंबा, चिंच, फणस, हिरडा, मोह, जांभूळ अशी १६ झाडे असून, ती स्वतःच्या शेतात असली तरी तोडण्यापूर्वी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी आवश्यक असते. वड, पिंपळ आणि उंबर त्या अनुसूचीत नाहीत, ही मोठी उणीव आहे.

म्हणूनच संपूर्ण देवराईला संरक्षण हवे असेल, तर जैविक विविधता अधिनियम, २००२ मधील कलम ३७ चा मार्ग मला अधिक भक्कम वाटतो. या कलमानुसार राज्य शासन स्थानिक संस्थांशी विचारविनिमय करून एखादे क्षेत्र वारसा स्थळ म्हणून राजपत्रात अधिसूचित करते. क्षेत्र लहान असणे ही अडचण नाही. सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यातील बांबर्डे येथील जायफळ कुळातील दुर्मीळ वृक्षांच्या दलदलीला हा दर्जा मिळाला, तेव्हा तिचे क्षेत्र अवघे २.५९ हेक्टर होते. दुर्मीळ किंवा प्रदेशनिष्ठ (केवळ त्याच प्रदेशात आढळणाऱ्या) प्रजाती, पिकांचे रानटी पूर्वज, तसेच लोकांनी श्रद्धेने जपलेले सांस्कृतिक मूल्य या गोष्टी पात्रतेसाठी विचारात घेतल्या जातात.

प्रस्तावाची सुरुवात गावातूनच व्हावी. कलम ४१ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असणे बंधनकारक आहे. या समितीने लोक जैवविविधता नोंदवहीत देवराईतील झाडे, वेली, पक्षी व पाण्याचे झरे यांची स्थानिक नावांसह नोंद करावी. ही नोंद घाईत उरकू नये, कारण प्रस्तावाचे बळ तिच्यातच असते, आणि गावातील वैदू, गुराखी व वयस्क स्त्रिया यांना जे ठाऊक असते ते बाहेरच्या अभ्यासकाला एका भेटीत दिसत नाही. त्यानंतर ग्रामसभेत ठराव मंजूर करून प्रस्ताव नागपूर येथील महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाकडे पाठवावा. त्यास ठरावाची प्रमाणित नक्कल, सातबारा उतारा, चतुःसीमा दाखवणारा नकाशा, नोंदवहीतील संबंधित पाने, प्रजातींची यादी व छायाचित्रे जोडावीत. जमीन खासगी असल्यास सातबारावरील सर्व खातेदारांची लेखी संमती आधीच घ्यावी.

दर्जा मिळाल्यास देवाची जत्रा किंवा पाणवठ्याचा वापर बंद होईल, ही भीती ग्रामसभेत हमखास व्यक्त होते. राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार, गावाने स्वेच्छेने स्वीकारलेल्या निर्बंधांपलीकडे प्रचलित वहिवाटीवर बंधन अपेक्षित नाही. त्यामुळे कोणती वहिवाट चालू राहील आणि कोणती थांबेल, हे ठरावातच स्पष्ट शब्दांत लिहावे.