चीक, चोथा आणि ग्लुटेन

एप्रिल लागला की आमच्या वऱ्हाडात घरोघरी कुरड्यांचा घाट निघतो. तीन दिवस गहू भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचं, घरभर तो आंबूस वास. मग गहू वाटून काकू तो फडक्यातून पिळते. रात्रभरात पातेल्याच्या तळाशी जो पांढराशुभ्र थर बसतो तो चीक, आणि फडक्यात उरतो तो चोथा. यंदा मी तो चोथा पाण्याच्या बारीक धारेखाली चोळत बसलो. कोंडा वाहून जात गेला तसे बोटांना रबरासारखे तंतू लागायला लागले. ताणले की लांबत होते, सोडले की आखडत होते. माझा उद्योग पाहून काकू म्हणाली, "चोथा व्हय थो. म्हशीले टाक."

ते तंतू म्हणजे ग्लुटेन. इटलीतल्या बोलोन्या शहरात याकोपो बेक्कारी या प्राध्यापकांनी १७२८ साली जवळपास हेच केलं होतं. कणीक पाण्याखाली मळत राहिलं की पिष्ट निघून जातं आणि एक चिवट गोळा हातात उरतो, हे त्यांनी दाखवलं. लॅटिनमध्ये ग्लुटेन म्हणजे सरस, डिंक. गंमत बघा, आपण चीक म्हणतो ते बहुतेक सगळं पिष्ट, आणि खरा चिकटा म्हशीच्या टोपल्यात जातो!

या चिकट्याशिवाय गव्हाची अर्धी कारागिरी बंद पडेल. नागपूरकडे पालथ्या मडक्यावर भाजतात ती लांब पोळी हातावर झेलत झेलत कोपरापर्यंत ताणतात, तरी फाटत नाही. सरगुंडे काडीवर गुंडाळता येतात तेही यामुळेच. ज्वारीच्या पिठाला असं करून पाहा. ते गरम पाण्यात मळून थापावं लागतं, तरी कडेला भेगा पडतातच. ज्वारीत प्रथिनं आहेत, पण ग्लुटेन नाही. पोळी लाटतात आणि भाकर थापतात, त्यामागचं रसायनशास्त्र एवढंच.

ग्लुटेन हे एक प्रथिन नाही, कुटुंब आहे. त्यात ग्लायाडिन आणि ग्लुटेनिन हे दोन मोठे गट. दोघांतही प्रोलीन आणि ग्लुटामीन ही अमिनो आम्लं (प्रथिनांच्या साखळीतले मणी) ठासून भरलेली असतात, आणि प्रोलीन आलं की आपल्या पाचकरसांची कात्री अडते. इतर प्रथिनांचा पोटात भुगा होतो, ग्लायाडिनचे मात्र लांबच लांब तुकडे शिल्लक राहतात. त्यातला ३३ अमिनो आम्लांचा एक तुकडा अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये शोधला. आपल्या पचनसंस्थेतली विकरं (एन्झाइम) त्याचं काही बिघडवू शकत नाहीत. हे तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्या पोटात होतं. बहुतेकांना त्याचा काहीच त्रास होत नाही.

ज्यांना होतो त्यांच्या आजाराचं नाव सिलिॲक. जगात साधारण शंभरात एकाला तो असतो. याला ॲलर्जी म्हणू नये. गव्हाची ॲलर्जी वेगळी, तिच्यात खाल्ल्यावर थोड्याच वेळात गांधी उठतात, घसा दाटतो. सिलिॲकमध्ये शरीर स्वतःच्याच आतड्यावर उठतं, आणि तेही गुपचूप, महिनोन्महिने.

हे कसं घडतं ते समजायला बाजार समितीत चला. लिलावाच्या वेळी अडत्या ढिगातलं मूठभर धान्य तळहातावर घेऊन व्यापाऱ्यांपुढे धरतो. आपल्या काही पेशीही असंच करतात. बाहेरून आलेल्या प्रथिनाचा तुकडा एका रेणूच्या तळहातावर ठेवून टी पेशींना, म्हणजे शरीराच्या पहारेकऱ्यांना, दाखवतात. त्या रेणूंना एचएलए म्हणतात. हा तळहात आईबापांकडून मिळतो आणि प्रत्येकाचा आकार वेगळा. डीक्यू-२ किंवा डीक्यू-८ आकाराचा तळहात असेल तर ग्लायाडिनचा तुकडा त्यात फार छान बसतो. सिलिॲकच्या जवळजवळ सगळ्या रुग्णांत या दोनपैकी एक असतोच.

त्यातही एक घरभेदी आहे. आतड्याच्या अस्तरात टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज नावाचं विकर असतं. त्याचं काम डागडुजीचं, प्रथिनांना प्रथिनं सांधायचं. पण ग्लायाडिनचा तुकडा समोर आला की ते त्यातल्या ग्लुटामीनचं ग्लुटामिक आम्ल करून टाकतं. त्यामुळे तुकड्यावर ऋण प्रभार येतो आणि तो त्या तळहातात आणखी घट्ट बसतो. टी पेशींनी एकदा तो शत्रू ठरवला की दाह सुरू होतो.

आता या विकराचं दुर्दैव असं, की ते स्वतःही अनेकदा त्या तुकड्याला चिकटलेलं असतं. प्रतिपिंडं (अँटीबॉडी) तयार करणारी बी पेशी विकर ओळखून पकडते, आणि त्याच्यासोबत ग्लायाडिनही आत ओढते. टी पेशीला ग्लायाडिन दिसतं, ती बी पेशीला हिरवा कंदील देते, आणि प्रतिपिंडं मात्र निघतात ती आपल्याच विकराविरुद्ध. चोराला सायकलवर डबलसीट घेतलेला भला माणूसही पोलिसांच्या यादीत जावा, तसं. जर्मनीतल्या संशोधकांनी १९९७ मध्ये हेच विकर या प्रतिपिंडांचं लक्ष्य असल्याचं दाखवलं. आजची रक्तचाचणी त्यावरच उभी आहे.

टाइप १ मधुमेह किंवा संधिवातासारख्या आजारांत ठिणगी कशाने पडली ते नेमकं बोट ठेवून सांगता येत नाही. सिलिॲकमध्ये ती ठाऊक आहे. ग्लुटेन पूर्ण बंद केलं की प्रतिपिंडं हळूहळू ओसरतात आणि आतडं भरून येतं. माझ्या मते या आजाराचं खरं नवल हेच.

हे कळायला मात्र एक दुष्काळ पडावा लागला. विलेम कारेल डिक्के हे नेदरलँड्समधल्या हेग शहरातले बालरोगतज्ज्ञ. गव्हावर त्यांना १९३०च्या दशकातच संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, युद्धामुळे तिथे पाव मिळेनासा झाला, लोक ट्यूलिपचे कंद खाऊन जगले. त्या उपासमारीत सिलिॲकची मुलं मात्र सुधारली, आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली. १९५० मध्ये डिक्केंनी आपल्या प्रबंधात गव्हाचा हा दोष मांडला. तोवर डॉक्टर या पोरांना केळ्यांवर ठेवत, आणि ती बरी झाली की श्रेय केळ्यांना देत.

आपल्याकडे हा आजार लक्षात का येत नाही? पाठ्यपुस्तकातलं चित्र ठरलेलं: जुलाब, फुगलेलं पोट, काटकुळे हातपाय. पण कित्येकांना पोटाचा त्रास जवळजवळ नसतोच. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला टॉवेलसारखी लव असते, तीच अन्नरस शोषते. दाहाने ती झिजून सपाट होते, आणि झीज सुरू होते ती नेमकी वरच्या भागात, जिथे लोह शोषलं जातं. मग मुलगी फिकी दिसते, उंची वाढत नाही, पाळी उशिरा येते. विदर्भात रक्तक्षय म्हटलं की आधी जेवण, जंत, आणि सिकलसेल डोळ्यांपुढे येतात. ते बरोबरच आहे, सिकलसेलची तपासणी आपल्याकडे व्हायलाच हवी. पण महिनोन्महिने लोहाच्या गोळ्या नीट घेऊनही हिमोग्लोबिन हलत नसेल, तर सिलिॲकचा विचार डॉक्टरांकडे काढायला हरकत नाही. टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांचाही, कारण त्यांच्यात हे प्रमाण शंभरात पाच-सहाच्या घरात जातं.

आणि इथेच सगळ्यात मोठी चूक होते. कुणीतरी मोबाइलवर काहीतरी पाहतं, गहू सोडतं, बरं वाटतं, आणि मग चाचणीला जातं. गहू थांबला की प्रतिपिंडं उतरतात, लव भरते आणि रक्तचाचणी व दुर्बिणीतून घेतलेला आतड्याचा तुकडा, दोन्ही "काही नाही" म्हणून सांगतात. चाचणी होईपर्यंत पोळी चालूच ठेवायची, हे ऐकायला उफराटं वाटतं, पण तसंच आहे.

भारतातला एक अभ्यास मला फार बोलका वाटतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, तेवीस हजारांवर प्रौढांचा. रक्तात सिलिॲकची प्रतिपिंडं सापडण्याचं प्रमाण उत्तर भारतात १.२३ टक्के, दक्षिणेत ०.१०. बारापट फरक! पण डीक्यू-२, डीक्यू-८ तळहात दोन्हीकडे जवळपास सारखेच, साधारण तिघांत एकाकडे. फरक होता ताटात: उत्तरेत दिवसाला सरासरी ४५५ ग्रॅम गहू, दक्षिणेत २५. जनुकं म्हणजे वाळलेली पऱ्हाटी, काडी वेगळीच लागते. वऱ्हाडात माझ्या आजोबांच्या ताटात दोन्ही वेळ ज्वारीची भाकर, गहू सणासुदीला आणि रोडग्यांना. मग वावरात सोयाबीन आलं, रेशनवर गहू आला, आणि भाकर थापायला पोरी कंटाळल्या. (पोरांनी थापायला काय हरकत होती, ते कुणी विचारलं नाही.) ताट उत्तरेकडे सरकलं एवढं मात्र डोळ्यांना दिसतं.

म्हणून सगळ्यांनीच गहू टाकावा का? मुळीच नाही. सिलिॲक नसलेल्यांनी थायरॉइड किंवा सांधेदुखीसाठी ग्लुटेन सोडावं, याला भक्कम पुरावा नाही. "मला गहू सोसत नाही" म्हणणाऱ्यांतही गुन्हेगार दुसराच असू शकतो. ओस्लोमध्ये अशाच ५९ जणांना, कशात काय आहे ते न सांगता, खाऊच्या वड्या दिल्या: एकीत ग्लुटेन, एकीत फ्रुक्टान नावाची साखरसाखळी, एकीत दोन्ही नाही. २०१८ मध्ये निकाल आला. पोट फुगवलं ते फ्रुक्टानने. ते गव्हात असतं, तसं कांद्यात आणि लसणातही. आमच्या झणझणीत रश्शाला मात्र कुणी नावं ठेवत नाही.

ज्याला सिलिॲक खरंच आहे त्याचं पथ्य जन्मभराचं आणि कडक. भारतात "ग्लुटेनमुक्त" छापायला किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, यावरून अंदाज घ्या. पोळी, शेवया, रव्याचा शिरा, बट्ट्या, जवाचं पीठ, सगळं बंद. कुरड्याही, कारण चिकात थोडं ग्लुटेन उतरतंच. बाजारातल्या बांधानी हिंगात पुष्कळदा मैदा असतो, म्हणजे वरणाची फोडणीसुद्धा तपासून. ज्वारी, तांदूळ, बाजरी, मका, तूर चालतात.

हे सगळं काकूला सांगितलं तेव्हा तिने सोऱ्यात चीक भरता भरता पहिलाच प्रश्न नेमका विचारला. "मंग दळनाचं काय? चक्कीवर तं पयले गहूच असते."

चक्कीच्या पाळीत गव्हाचं पीठ मुठीने अडकलेलं असतं. मागून घातलेली ज्वारी ते घेऊनच बाहेर पडते, आणि भाकर करूनही पथ्य मोडतं. अशा घराला स्वतःची छोटी घरघंटी लागते, किंवा जातं. आमचं जातं न्हाणीमागे पडलेलं आहे, दोन्ही पाळ्या शाबूत. खुंटा तेवढा करून घ्यावा लागेल.