बँकेने घर ‘पास’ केलं म्हणजे तपासणी झाली का?

नागपुरात फ्लॅट घेताना हे हमखास ऐकायला मिळतं: ‘बँकेचा माणूस बघून गेला, त्याची फी आपणच भरली, आता वेगळा इंजिनिअर कशाला?’ हा समज चुकीचा आहे. बँकेचा व्हॅल्युअर मुख्यतः किंमत ठरवतो, कर्ज बुडालं तर घर विकून किती वसूल होईल ते बघतो. बाथरूमच्या भिंतीमागची ओल शोधणं हे त्याचं काम नाही.

आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया नीट नसला तर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते, आणि विकण्याआधी ती पुट्टी-रंगाखाली सहज लपते. स्ट्रक्चरल इंजिनिअर नेमकं तेच बघतो. पोकळ वाजणारं प्लास्टर आणि स्लॅबखाली गंजलेली सळईही तो शोधतो. फी साधारण भेटीवर किंवा चौरस फुटावर असते; हॅमर टेस्टसारख्या (काँक्रीटची ताकद बघणाऱ्या) चाचण्यांचे पैसे वेगळे. आधी लेखी विचारून घ्या.

नवीन घराला रेरा या गृहनिर्माण कायद्याचा आधार आहे: ताब्यापासून 5 वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर बिल्डरने 30 दिवसांत फुकट दुरुस्त करायचा. पंधरा वर्षं जुन्या फ्लॅटला तोही नाही. तिथे इसार देण्याआधीच तपासणी करून घ्या.