डायनॅमिक पीडीएफचे वेब वितरण

पावती, तिकीट, गुणपत्रिका, खातेउतारा असे दस्तऐवज मागणी येताच सर्व्हरवर तयार करून ब्राउझरकडे पीडीएफ रूपात पाठवण्याची पद्धत. वरवर सोपी दिसते, पण ‘फाइल खराब आहे’ हा संदेश हिच्यात फार भेटतो आणि दोष बहुधा पीडीएफ बनवणाऱ्या लायब्ररीचा नसून पाठवण्याचा असतो.

अडचणीचे मूळ फॉरमॅटच्या घडणीत आहे. अ‍ॅडोबीने १९९३ मध्ये आणलेला आणि २००८ मध्ये आयएसओ ३२००० हे मानक ठरलेला पीडीएफ शेपटाकडून वाचला जातो. कोणता ऑब्जेक्ट कितव्या बाइटपासून सुरू होतो, याचा तक्ता सहसा फाइलच्या अखेरीस असतो. त्यामुळे आरंभी एखादी रिकामी ओळ किंवा बीओएमचे (टेक्स्ट फाइलच्या आरंभी लागणाऱ्या अदृश्य खुणेचे) तीन बाइट घुसले, की पुढचे सगळे पत्ते सरकतात. पीडीएफ उघडणारे काही व्ह्यूअर ही गडबड गुपचूप सावरून घेतात. म्हणूनच तीच फाइल एकाकडे उघडते, दुसऱ्याकडे नाही. अशा वेळी फाइल साध्या टेक्स्ट एडिटरात उघडावी. पहिल्या ओळीत टक्के-चिन्ह आणि पीडीएफची आवृत्ती दिसायला हवी, पण पुष्कळदा तिथे सर्व्हरवरच्या पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेची वॉर्निंग बसलेली सापडते.

त्यावर उपाय म्हणजे दस्तऐवज आधी मेमरीत किंवा तात्पुरत्या फाइलीत पूर्ण बनवणे आणि हेडर (फाइलीआधी जाणाऱ्या माहितीच्या ओळी) त्यानंतरच पाठवणे. एकदा २०० हा ‘सर्व ठीक’ सांगणारा स्टेटस कोड गेला की मागे घेता येत नाही. मग मध्येच चूक झाली तर वापरकर्त्याच्या हाती अर्धवट फाइल पडते. कंटेंट-लेंथ या आकार सांगणाऱ्या हेडरमध्ये अक्षरे नव्हे, बाइट मोजायचे. वाटेत फाइल जीझिपने दाबून लहान होणार असेल, तर मूळ आकार सांगणेही चूकच. कंटेंट-डिस्पोझिशन या हेडरमध्ये ‘इनलाइन’ लिहिल्यास ब्राउझर फाइल आतच उघडू शकतो, ‘अटॅचमेंट’ लिहिल्यास उतरवून घेतो. देवनागरी फाइलनावासाठी आरएफसी ६२६६ (२०११) या इंटरनेट मानकातली तारांकित रीत (‘filename*’) वापरावी लागते.

रेंज विनंत्यांचा, म्हणजे फाइलचा काही भागच मागणाऱ्या विनंत्यांचा, घोटाळा सहसा चाचणीत सापडत नाही. मोठी फाइल व्ह्यूअर तुकड्यातुकड्यांनी मागू शकतो. सर्व्हर दर विनंतीला दस्तऐवज नव्याने बनवत असेल, तर निर्मितीची वेळ आणि ओळख-क्रमांक बदलतात आणि दोन वेगळ्या फाइलींचे तुकडे एकत्र शिवले जातात. एकदा बनवलेली प्रत ईटॅगसह (त्या प्रतीची ओळख सांगणाऱ्या हेडरसह) थोडा वेळ जपून ठेवावी, नाहीतर रेंज सरळ नाकारावी. हीच जपलेली प्रत फॉर्म पोस्ट केल्यावर मिळणाऱ्या पीडीएफलाही उपयोगी पडते: पोस्टच्या उत्तरात थेट फाइल न देता त्या प्रतीच्या पत्त्यावर रीडायरेक्ट केले, की रिफ्रेश केल्यावर फॉर्म दुसऱ्यांदा जात नाही.

इंटरनेट एक्सप्लोरर ८ पर्यंत एचटीटीपीएसवर ‘नो-कॅश’ (जपलेली प्रत न विचारता वापरू नये) असे सांगितले की उतरवलेली फाइल उघडण्याआधीच पुसली जाई. ब्राउझर गेला, तरी त्यावरचे तोडगे जुन्या कोडमध्ये अजून आढळतात. खाजगी दस्तऐवजासाठी आज ‘नो-स्टोअर’ (प्रत साठवू नये) बिनधास्त लिहावे.